तीन सुरांचा हिशेब: गिटारचे सोपे कॉर्ड सोपे का असतात

‘चार कॉर्ड शिका, शंभर गाणी वाजवा’ अशा मथळ्याचे व्हिडिओ पाहून गिटार घरी आणणारे पुष्कळ आहेत. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं दुखतात आणि तारा खरखरतात. आकृतीतल्या ठिपक्यांवर बोटं बरोबर ठेवूनही गाणं काही जुळून येत नाही. दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर जाते आणि ‘आपल्याला संगीताचं अंग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

तो निष्कर्ष चुकीचा आहे, मथळा मात्र बराचसा खरा आहे. पण त्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. हे कॉर्ड सोपे असण्यामागे साधा हिशेब आहे आणि तो कळला की ठिपके घोकावे लागत नाहीत. दुसरं म्हणजे खरी मेहनत कॉर्ड धरण्यापेक्षा एका कॉर्डवरून दुसऱ्यावर वेळेत पोचण्यात आहे.

## कॉर्ड म्हणजे काय? आधी पेटीवर पाहू

घरात पेटी असेल तर ती पुढे घ्या, नसेल तर मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल. पांढरी एकला सा माना आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. जो भरीव, मोकळा आवाज येतो तो झाला सी मेजर कॉर्ड. आता सा आणि प तसेच ठेवून शुद्ध गंधाराऐवजी त्याच्या लगतची काळी दोन, म्हणजे कोमल गंधार दाबा. आवाज लगेच आत वळतो, थोडा उदास होतो. हा सी मायनर.

एकत्र वाजणारे असे तीन स्वर म्हणजे कॉर्ड. मेजर म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजलं, तर मेजरमध्ये सा पासून चौथ्या पावलावर ग आणि सातव्या पावलावर प येतो. मायनरमध्ये ग तिसऱ्या पावलावर येतो, प तिथेच राहतो. नुसतं ‘सी’ किंवा ‘जी’ लिहिलं असेल तर मेजर समजायचं.

कॉर्डचं नाव त्याच्या सा वरून पडतं. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. ही जोडी पाठ करण्यासारखी आहे, कारण पुढे गाणाऱ्याची पट्टी जुळवताना ती रोज लागते.

सा-ग-प एकत्र इतके का जमतात, याचं एक उत्तर आपल्या तानपुऱ्यातच आहे. तानपुरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कोणी छेडलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कोणतीही तार एकाच गतीने कंप पावत नाही; दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीचे बारीक सूरही तिच्यात मिसळलेले असतात. तिपटीतून पंचम मिळतो आणि पाचपटीतून गंधार. एका तारेच्या पोटात जे दडलेलं असतं, तेच मेजर कॉर्डमध्ये उघडपणे वाजतं.

## सहा तारा आणि बिनखर्चाचे सूर

गिटारच्या तारा जाडीकडून बारीककडे अशा मिळवतात: ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. मोजणी मात्र उलटी असते. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. मांडीवर गिटार घेतल्यावर जाड तार डोळ्यांना वर दिसते, पण सुरात ती सगळ्यात खाली असते. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. बोट एक फ्रेट पुढे सरकलं की सूर पेटीच्या एका पट्टीने चढतो. बारा फ्रेट म्हणजे पूर्ण सप्तक, आणि बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो.

आता खरी गंमत पाहा. ई मायनरला तीन स्वर हवेत: ई, जी, बी. मोकळ्या तारांपैकी सहावी ई आहे, तिसरी जी, दुसरी बी, पहिली ई. सहापैकी चार तारा न दाबताच कॉर्डमध्ये बसतात. उरल्या पाचवी आणि चौथी. पाचवी ए आहे, ती दुसऱ्या फ्रेटवर दाबली की बी होते. चौथी डी आहे, ती दुसऱ्या फ्रेटवर ई होते. दोन बोटं ठेवली आणि सहाही तारा ई मायनरच्या झाल्या. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत हे असं लिहितात: ०-२-२-०-०-०. शून्य म्हणजे मोकळी तार, आकडा म्हणजे फ्रेट, फुली म्हणजे ती तार वाजवायची नाही.

आता त्यातच तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबा. जी एका पट्टीने चढला, म्हणजे कोमल गंधाराचा शुद्ध गंधार झाला आणि ई मायनरचा ई मेजर: ०-२-२-१-०-०. एका बोटाने उदास कॉर्ड उजळतो. हा फरक पहिल्याच दिवशी दहा वेळा ऐकावा. कान इथे तयार होतो.

याउलट सी मायनरच्या तीन स्वरांपैकी मोकळ्या तारेवर फक्त जी मिळतो. म्हणून तो अवघड. सोपा कॉर्ड म्हणजे ज्याचे बरेचसे सूर मोकळ्या तारा फुकट देतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

## सुरुवातीचे पाच कॉर्ड

डाव्या हाताची बोटं तर्जनीपासून मोजतात: तर्जनी १, मधलं २, अनामिका ३, करंगळी ४.

ई मायनर वर आलाच. पाचव्या तारेवर मधलं बोट, चौथ्यावर अनामिका.

ए मायनर: ×-०-२-२-१-०. चौथ्या तारेवर मधलं, तिसऱ्यावर अनामिका, दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी. ई मेजरचाच आकार एक तार खाली सरकवला की हा मिळतो.

सी: ×-३-२-०-१-०. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, चौथ्याच्या दुसऱ्यावर मधलं, दुसऱ्याच्या पहिल्यावर तर्जनी. पाचांत सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात, कारण दोन तारा हमखास मुक्या होतात. मधलं बोट आडवं पडून तिसरी तार दाबतं आणि तर्जनीचं पोट पहिल्या तारेला टेकतं. उपाय बोटांत शोधू नका, मनगटात शोधा. अंगठा मानेच्या मागे थोडा खाली घ्या, मनगट किंचित पुढे काढा, म्हणजे बोटं हातोडीसारखी वरून पडतात आणि शेजारची तार मोकळी राहते. नखं वाढलेली असतील तर हे जमणारच नाही. ती कापावी लागतात.

जी: ३-२-०-०-०-३. सहाव्या तारेवर अनामिका, पाचव्यावर मधलं, पहिलीवर करंगळी. अनेक जण करंगळी टाळून मधलं, तर्जनी आणि अनामिका वापरतात. आज ते सोपं वाटतं, पण सी वर जाताना सगळा हात नव्याने लावावा लागतो. करंगळीने जी धरला की अनामिका आणि मधलं बोट जोडीने एकेक तार खाली सरकतात, आणि तर्जनी टेकवली की सी तयार. करंगळीला पहिले दोन आठवडे त्रास होतो, तो सोसावा.

डी: ×-×-०-२-३-२. तिसऱ्या तारेवर तर्जनी, दुसऱ्याच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, पहिलीवर मधलं.

फुलीच्या तारा चुकून वाजल्या तर? हे कॉर्डनुसार ठरतं. ए मायनर आणि सी मध्ये सहावी तार, म्हणजे ई, मुळात कॉर्डमधलीच आहे, त्यामुळे आवाज जरा जड होतो पण बेसूर होत नाही. डी मध्ये पाचवी तार चालून जाते, कारण ए हा डी चा पंचम. सहावी मात्र खटकते. डी कॉर्डमध्ये ई नाही आणि तो सगळ्यात खालून घुमतो.

## बोटं बरोबर, तरी आवाज खराब

कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडा. बिघाड दोनच तऱ्हेचा असतो. तार ठप्प वाजली, म्हणजे शेजारचं बोट तिला टेकलं आहे. तार झिणझिणली, म्हणजे दाब कमी आहे किंवा बोट फ्रेटपासून लांब पडलं आहे. दुसऱ्या फ्रेटचा सूर हवा असेल तर बोट दुसऱ्या पट्टीच्या अगदी अलीकडे, तिला खेटून पण तिच्यावर न चढता हवं. तिथे निम्म्या जोरात काम होतं. दोन पट्ट्यांच्या मध्यावर दाबलं तर मनगटाची ताकद वाया जाते.

किती जोर लागतो हे मोजायची रीत अशी: एक तार दाबून वाजवत राहा आणि बोट हळूहळू सैल करा. झिणझिण सुरू झाली की कणभर दाब वाढवा. एवढाच जोर हवा. बहुतेक नवशिके याच्या दुप्पट-तिप्पट दाबतात आणि दहा मिनिटांत थकतात.

दोष वाद्याचाही असू शकतो. बाराव्या फ्रेटच्या पट्टीपासून सहाव्या तारेचं अंतर मोजपट्टीने पाहा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ते अडीच मिलीमीटरच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीनच्या पुढे गेलं तर शिकणाऱ्याची परीक्षाच आहे. दुकानातून किंवा कारागिराकडून तारांची उंची कमी करून घ्यावी. स्वस्त गिटारवर पहिल्या फ्रेटशी असलेली खाचांची पट्टी, म्हणजे नट, बऱ्याचदा उंच असते. मग पहिल्या फ्रेटवरचं प्रत्येक बोट झगडतं आणि माणूस स्वतःला दोष देतो. तारांचा संच घेताना दहाचा किंवा अकराचा मागा. हा आकडा सगळ्यात बारीक तारेची जाडी एक हजारांश इंचात सांगतो. बाराचा संच आवाजाला भारदस्त, पण बोटांना कडक.

नायलॉनच्या तारा मऊ असतात, मात्र त्या गिटारची मान रुंद असते. आणि एक गोष्ट कधीच करू नये: नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नयेत. त्यांचा ताण कितीतरी जास्त असतो, त्याने ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उखडतो, मान वाकते.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, तारा वर येतात आणि गंजतात. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा पुसाव्यात, गिटार पिशवीत ठेवावी आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाकाव्यात.

## ट्यूनर म्हणतो बरोबर, कान म्हणतो चूक

रोज वाजवण्याआधी तारा मिळवायच्याच. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप पुरतं. तार नेहमी खालून वर चढवत सुरावर आणा. वरून उतरवत आणलेली तार थोड्या वेळात आणखी उतरते. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस सारख्या ढिल्या पडतात, तो बिघाड नव्हे.

ज्यांचा कान गाण्यात तयार झालेला आहे त्यांना एक वेगळीच अडचण येते. ई कॉर्डमधला गंधार त्यांना किंचित चढा वाटतो, म्हणून ते तिसरी तार जराशी उतरवतात. ई गोड होतो आणि लगेच सी आणि जी बिघडतात. हा कानाचा दोष नाही. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. त्या वाटणीत शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा एका पट्टीच्या सुमारे चौदा शतांशाने चढा येतो. ट्यूनरवर लावलेल्या पेटीतही हाच फरक असतो. सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून दिलेली ती किंमत आहे. तार ट्यूनरवरच ठेवावी.

## खरी मेहनत: बदल

गाणं थांबत नाही. ठेका चालू असताना बोटांना पुढच्या कॉर्डवर जावं लागतं आणि नवशिक्याचं गाणं तुटतं ते याच जागी. म्हणून कॉर्ड एकेकटे घोकण्यापेक्षा जोड्यांनी शिकावेत, आणि प्रत्येक जोडीत कोणतं बोट जागचं हलत नाही ते आधी शोधावं.

ए मायनर आणि सी ही सगळ्यात सोयीची जोडी. तर्जनी आणि मधलं बोट दोन्हीकडे एकाच जागी असतात, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. तरीही अनेक जण तिन्ही बोटं उचलतात आणि पुन्हा ठेवतात. न हलणारी बोटं चिकटवून ठेवायची, हा निम्मा रियाज आहे.

जी, सी, डी, ई मायनर ही चौकडी ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर कायमची बसवा. तिच्याभोवती जी असा होतो: ३-२-०-०-३-३. सी ऐवजी ×-३-२-०-३-३ येतो, त्यात एक रिषभ जास्तीचा मिसळतो. ई मायनर ०-२-२-०-३-३, आणि डी मध्ये अनामिका मुळातच तिथे आहे. डी सोडून बाकी तिघांत करंगळीही पहिल्या तारेवर तशीच राहते. आवाज मूळ कॉर्डांपेक्षा थोडा झळाळतो, भावगीताला तो शोभतो.

रियाज असा करावा. घड्याळात एक मिनिट लावा. एक जोडी घ्या, कॉर्ड धरा, एकदा छेडा, बदला, पुन्हा छेडा. मिनिटात किती बदल झाले ते वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ-दहा होतील. लक्ष्य तीसचं ठेवा, आणि तीसच का तेही समजून घ्या: सावकाश गाण्यात सेकंदाला एक ठोका धरला आणि कॉर्ड दर चार ठोक्यांनी बदलला, तर मिनिटाला पंधरा बदल लागतात. तीस जमले म्हणजे हाताशी दुप्पट सवड आहे. रोज तीन जोड्या, प्रत्येकी एक मिनिट, मग दहा मिनिटं गाणं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर फळतं, कारण बोटांची टोकंही विश्रांतीच्या वेळात घट्ट होतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत तिथली कातडी निबर होते आणि दुखणं जातं. टोकं दुखणं ठीक आहे. मनगट दुखणं किंवा बोटाला मुंग्या येणं ठीक नाही. तसं झालं की लगेच थांबावं आणि हाताची ठेवण बदलावी.

## उजवा हात केहरव्यात

उजव्या हाताला एकच नियम: तो थांबत नाही. केहरव्याच्या आठ मात्रा मोजा. विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर, झोपाळ्यासारखा सतत. तारांना कधी स्पर्श करायचा आणि कधी हवेतून जायचं, एवढंच ठरवायचं असतं. धा गे ना ती न क धिं न यातल्या पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला तारा छेडा, दुसरी आणि पाचवी हवेत सोडा. ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ म्हणून जो स्ट्रमिंगचा नमुना सगळीकडे शिकवतात तो हाच. दादऱ्याला सहा मात्रांवर सहा वेळा खाली, पहिल्या आणि चौथ्या मात्रेला फक्त जाड तार, बाकीच्यांना बारीक तारा, एवढ्यावर गाणं उभं राहतं.

बदलाला उशीर झाला तर उजवा हात थांबवायचा नाही. आठव्या मात्रेला बोटं उचलून मोकळ्या तारा वाजल्या तरी ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, उलट डाव्या हाताला तेवढी सवड मिळते. मुरलेले वादकही हे करतात.

## तीन-चार कॉर्डांत इतकी गाणी कशी बसतात?

सा चा कॉर्ड घ्या: सा, ग, प. मध्यमाचा: म, ध, सा. पंचमाचा: प, नि, रे. आता तिन्हींचे स्वर गोळा करा: सा, रे, ग, म, प, ध, नि. सातही शुद्ध स्वर आले. सुरावटीतला स्वर कोणताही असो, त्याला या तिघांपैकी एकात तरी घर मिळतंच. म्हणून शुद्ध स्वरांतलं साधं गाणं तीन कॉर्डांत पेलतं. चौथा कॉर्ड बहुतेक वेळा धैवताचा मायनर असतो, तो उदास वळणासाठी.

जी ला सा धरला की मध्यम सी, पंचम डी, धैवत ई. म्हणजे जी, सी, डी, ई मायनर. व्हिडिओतले चार कॉर्ड इथून येतात.

## एफ येत नाही म्हणून अडलं आहे

सी ला सा धरला की मध्यमावर एफ येतो आणि तिथे पुष्कळ जण गिटार सोडतात. त्याच्या स्वरांत एफ, ए आणि सी. मोकळ्या तारांपैकी फक्त ए कामाचा. म्हणून पूर्ण एफ, १-३-३-२-१-१, वाजवायला तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकावी लागते. याला बार कॉर्ड म्हणतात. त्यात पहिला फ्रेट नटच्या लगत असल्याने तारा तिथे सगळ्यात ताठ लागतात. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरून पाहा (तो ए मेजर होतो), बराच हलका जाईल. बार कॉर्डचा सराव तिथून सुरू करून रोज एकेक फ्रेट खाली यावं.

तोपर्यंत ×-×-३-२-१-० वाजवा. यात पहिली तार मोकळी राहते, एक जास्तीचा सूर मिसळतो, तो मवाळ लागतो आणि चालून जातो. ए मायनरमधून इथे येताना तर्जनी हलतही नाही. किंवा सरळ पट्टी बदला.

## पण माझी पट्टी काळी चार आहे

गाणाऱ्याची पट्टी गिटारसाठी बदलायची नसते. त्यासाठी कॅपो आहे. हा चिमटा फ्रेटवर लावला की सगळ्या तारा तेवढ्या पट्ट्यांनी चढतात आणि बोटांचे आकार तेच राहतात. तीन संच पुरतात, आणि तिन्हींत एफ लागत नाही.

जी, सी, डी हा संच कॅपोशिवाय पांढरी पाचचा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी चारचा. ए, डी, ई हा संच कॅपोशिवाय पांढरी सहाचा, पुढे एकेक फ्रेट चढत काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. डी, जी, ए हा संच पांढरी दोनचा, पुढे काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन. झाल्या बाराही पट्ट्या, आणि कॅपो कुठेच चौथ्या फ्रेटच्या पुढे गेला नाही. नवे आकार दोनच: ए म्हणजे ×-०-२-२-२-०, आणि ई वर आलेलाच आहे. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावावा आणि लावल्यावर तारा पुन्हा तपासाव्यात, कारण त्याच्या दाबाने त्या थोड्या चढतात.

## आपल्या गाण्याला कॉर्ड कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. रागसंगीत एका सुरावटीवर आणि तानपुऱ्याच्या आधारावर उभं आहे, त्याला कॉर्डची गरज नाही. सुगम आणि चित्रपट संगीताची गोष्ट वेगळी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात हार्मनी, म्हणजे सुरावटीखाली कॉर्डांची साथ, रुजवली. आपल्या कानाला या गाण्यांखालच्या कॉर्डांची सवय कित्येक दशकांपासून आहे.

प्रश्न आहे तो रागाला धक्का न लावता कॉर्ड निवडण्याचा, आणि त्यालाही तीन सुरांचा हिशेब पुरतो. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. सी ला सा धरला तर सी कॉर्ड म्हणजे सा-ग-प, आणि ए मायनर म्हणजे ध-सा-ग. दोन्ही पूर्ण भूपातले. जी कॉर्ड लावला की त्यातला बी, म्हणजे निषाद, घुसतो. भूपातलं भजन वाजवताना व्हिडिओतून उचललेला जी खटकतो तो यामुळे. तिथे पूर्ण कॉर्डऐवजी फक्त जी आणि डी हे दोन सूर, म्हणजे पंचम आणि रिषभ, वाजवावेत.

यमनात मध्यम तीव्र, म्हणून शुद्ध मध्यमावरचा एफ चालत नाही. त्याऐवजी रिषभावरचा डी मेजर लावला तर त्यात रे, तीव्र म आणि ध तिन्ही यमनचे मिळतात.

भैरवीला गिटार सगळ्यात सोयीची. सा पांढरी तीनवर, म्हणजे ई वर घ्या. कोमल रे, ग, ध, नि लावले की सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, एकही काळी लागत नाही. सा चा कॉर्ड ई मायनर, मध्यमाचा ए मायनर, कोमल धैवताचा सी, कोमल निषादाचा डी मायनर (×-×-०-२-३-१). आणि ज्या कोमल रिषभाने भैरवी ओळखू येते, त्याच्यावर एफ येतो. तिथे वरचा सोपा एफ लावला तर त्यातली मोकळी पहिली तार ई, म्हणजेच सा, वर वाजत राहते. मग पुन्हा ई मायनरवर या आणि दोन बोटं ठेवून सहाही तारा छेडा.